शाब्दिक उदाहरणात राशीची किंमत वारंवार चुकते? चूक कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची

राशी (म्हणजे आकडे, अक्षरं आणि चिन्हं यांची मांडणी, जसं ३क्ष + २) बरोबर लिहिलेली असते, आकडे समोर असतात, बेरीज-गुणाकार येत असतात, आणि तरीही उत्तर चुकतं. शाब्दिक उदाहरणांच्या वह्या तपासताना हा दोष मला सतत दिसतो. शाळकरी मुलांच्या वह्यांत तो असतोच, पण बऱ्याच वर्षांनी गणिताकडे वळलेल्या मोठ्या माणसांच्या वह्यांतही असतो. उत्तर चुकल्यावर बहुतेक जण सगळं खोडतात आणि पहिल्यापासून पुन्हा सोडवतात. याने सहसा काही साधत नाही. ज्या समजुतीने पहिल्यांदा वाचलं त्याच समजुतीने दुसऱ्यांदा वाचलं जातं, आणि तीच चूक तितक्याच आत्मविश्वासाने पुन्हा होते.

म्हणून पुन्हा सोडवण्याआधी चूक शोधा. शाब्दिक उदाहरणात चुका होण्याच्या जागा मोजक्या आहेत, आणि प्रत्येक जागेची तपासणी वेगळी आहे. खाली त्या मी सोप्यापासून अवघडाकडे मांडल्या आहेत. पहिलीला अर्धं मिनिट लागतं, शेवटचीला चांगला वेळ जातो. हा क्रम मोडू नका. राशीच चुकली असेल या शंकेने अर्धा तास घालवायचा आणि शेवटी निघावं की वहीत १६ चे १९ उतरले होते, असं फार वेळा होतं.

लक्षणं

आधी उत्तराकडे नीट पाहा. चुकीचं उत्तर स्वतःच बरंच काही सांगतं.

उत्तर खऱ्या उत्तराच्या साठपट, शंभरपट किंवा हजारपट आलं असेल तर बहुधा एककांचा घोळ आहे. आकडा बरोबर पण चिन्ह उलटं असेल तर वजाबाकी उलट्या क्रमाने मांडली गेली आहे. धन किमतींना उत्तर बरोबर येतं आणि ऋण किंमत दिली की बिघडतं, तेव्हा कंस राहिलेला असतो. पूर्ण संख्यांना चालतं पण वेळ 'दीड तास' म्हणून दिली की चुकतं, तर मिनिटं दशांशात बदलताना गडबड झाली आहे. हाताने एक उत्तर आणि कॅल्क्युलेटरवर दुसरं, असं असेल तर क्रियांचा क्रम पाहा. उत्तर नेहमी एकानेच कमी किंवा जास्त येत असेल तर टोकाची वस्तू मोजायची राहिली आहे किंवा दोनदा मोजली आहे. आणि नुसती 'किंमत काढा' अशी उदाहरणं सगळी बरोबर, पण तीच राशी शब्दांत गुंडाळून आली की चूक, हे लक्षण दिसलं तर दोष किंमत काढण्यात नाही, राशी मांडण्यात आहे. तरीही पहिल्या दोन तपासण्या वगळू नका, त्यांना वेळच लागत नाही.

पहिली तपासणी: उतरवून घेतलेलं बरोबर आहे का

पुस्तकातलं उदाहरण आणि वही शेजारी ठेवा आणि उलट्या दिशेने वाचा, म्हणजे आधी वहीतला आकडा आणि मग तो पुस्तकात कुठे आहे ते. पुस्तकाकडून वहीकडे गेलं तर जे असायला हवं तेच डोळ्यांना दिसतं. वहीकडून गेलं की जे खरोखर लिहिलंय ते वाचावं लागतं. देवनागरीत घाईने लिहिलेले १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. चलासाठी, म्हणजे ज्या अक्षराच्या जागी संख्या ठेवायची त्यासाठी, इंग्रजी एक्स वापरत असाल तर तो आणि गुणाकाराची फुली यांची गल्लत होते. दोन चलं असतील तर कोणती किंमत कोणत्या अक्षराची तेही इथेच पाहून घ्या. अ = ५, ब = ८ हे अ = ८, ब = ५ झालं तर अ + ब मध्ये काहीच कळत नाही, अ − ब मध्ये मात्र चिन्ह फिरतं.

दुसरी तपासणी: अक्षर नक्की काय मोजतंय

अक्षराच्या नावाने एक पूर्ण वाक्य लिहा. 'त = तास' हे पुरेसं नाही. 'त म्हणजे निघाल्यापासून किती तास झाले ती संख्या' असं हवं. चल ही वस्तू नसते, ती संख्या असते. हे वाक्य लिहायला दहा सेकंद लागतात, आणि त्यातून पुढच्या निम्म्या चुका तिथेच थांबतात. 'त' हे 'तास' या शब्दाचं लघुरूप समजणारा मुलगा ५त वाचताना 'पाच तास' असं वाचतो. खरं तर त = ३ असेल तर ५त म्हणजे १५.

तिसरी तपासणी: किंमत ठेवताना कंस घातला का

चुका सगळ्यात जास्त सापडतात त्या इथे. म्हणून ही तपासणी मी थोडी विस्ताराने सांगतो.

सवय अशी लावा. राशी लिहा. तिच्या खालच्या ओळीत प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा कंस काढा, बाकी सगळं जसंच्या तसं. मग तिसऱ्या ओळीत कंसात आकडे भरा. किंमत साधी धन संख्या असली तरी हे करा.

३क्ष मध्ये क्ष = ४ ठेवताना थेट लिहिणाऱ्यांचे ३४ होतात. अंक शेजारी आले की दशक-एकक वाचायची आपल्याला लहानपणापासून सवय असते, आणि अक्षर शेजारी आलं तर गुणाकार हा नियम आपण नंतर शिकतो. घाईत जुनी सवय जिंकते. ३( ) लिहिलं की ३(४) होतं, आणि १२ शिवाय दुसरं काही निघत नाही.

ऋण संख्येला तर कंसाशिवाय पर्यायच नाही. तापमान सेल्सिअसमधून फॅरनहाइटमध्ये नेण्याची राशी घ्या: (९/५)स + ३२. बाहेर उणे १० अंश आहे. कंस काढून भरलं तर (९/५)(−१०) + ३२, म्हणजे −१८ + ३२ = १४. कंस न काढता लिहिलं तर ९/५ − १० + ३२ असं दिसतं, आणि उत्तर २३.८ येतं. गुणाकार कुठे गेला हे सोडवणाऱ्याला कळतही नाही, कारण वजाचिन्हाने त्याची जागा घेतलेली असते. दोन्ही उत्तरं तापमान म्हणून शक्य वाटतात, म्हणून शंकाही येत नाही. पडताळा घ्यायचा असेल तर स = −४० ठेवा. −७२ + ३२ = −४०. दोन्ही मापपद्धती याच एका ठिकाणी एकमेकींना मिळतात, त्यामुळे ही राशी तपासायला हा आकडा फार चांगला.

आता वर्ग. क्ष = −३ असताना क्ष² = (−३)² = ९. पण −क्ष² = −(−३)² = −९. आणि कंसाशिवाय लिहिलेलं −३² हेही −९, कारण घात फक्त लगतच्या ३ वर लागतो, बाहेरच्या वजावर नाही. गणितातला संकेत हा असा आहे. मात्र एक्सेलच्या चौकटीत बरोबरचं चिन्ह (=) देऊन −३ चा वर्ग कंसाशिवाय टाइप केला तर ९ येतं, कारण तिथे सुरुवातीचं वजाचिन्ह आधी लावलं जातं. कॅल्क्युलेटरवर −९ आणि संगणकावर ९ अशी दोन उत्तरं पाहून लोक गोंधळतात. कंस लिहिला की दोन्हीकडे एकच उत्तर येतं.

ऋण गुणिले ऋण बरोबर धन हा नियम ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मधल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त स्पष्ट शब्दांत दिला आहे. नियम मुलांना येतोच. तो वापरायचा आहे हे कंस नसल्यामुळे दिसत नाही, एवढाच प्रश्न असतो.

घात कुठपर्यंत लागतो, ही याच तपासणीतली दुसरी गोष्ट. वीस मीटर उंचीवरून चेंडू सरळ वर फेकला आणि त्याची त सेकंदांनंतरची उंची २० + १५त − ५त² मीटर अशी दिली. त = २ ठेवा: २० + १५(२) − ५(२)² = २० + ३० − २० = ३० मीटर. आता पुष्कळ वह्यांत दिसणारी दुसरी वाट पाहा. ५ आणि २ आधी गुणून १०, त्याचा वर्ग १००, मग २० + ३० − १०० = −५०. म्हणजे वर फेकलेला चेंडू दोन सेकंदांत जमिनीखाली पन्नास मीटर गेला! इथे उत्तराकडे नुसतं पाहिलं असतं तरी चूक कळली असती. ५त² मध्ये वर्ग फक्त त चा आहे, ५ चा नाही. दोघांचाही हवा असता तर (५त)² असं लिहिलं असतं.

चौथी तपासणी: क्रियांचा क्रम

'कंचेभागुबेव' (कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ असणारेच इथे जास्त अडकतात. त्यात 'बे' आधी आणि 'व' नंतर आहे म्हणून ते बेरीज आधी उरकतात. बेरीज आणि वजाबाकी यांचा दर्जा एकच आहे, आणि त्या डावीकडून उजवीकडे येतील तशा करायच्या. भागाकार आणि गुणाकाराचंही तसंच. २४ ÷ ४ × २ म्हणजे १२, ३ नव्हे.

एका टाकीत ५०० लिटर पाणी आहे. दर मिनिटाला १२ लिटर बाहेर जातं, आणि मध्येच कुणी २० लिटर ओततं. म मिनिटांनंतर पाणी ५०० − १२म + २० लिटर. म = १५ असेल तर ५०० − १८० + २० = ३४०. बेरीज आधी करणारा १८० + २० = २०० करतो आणि ५०० मधून वजा करून ३०० लिहितो. तीनशे हा गोल, नीटनेटका आकडा आहे, ३४० पेक्षा जास्त 'बरोबर' दिसणारा. म्हणून आकडा सुबक आला यावर भरवसा ठेवू नका. त्याऐवजी गोष्ट आठवा: वीस लिटर ओतले, म्हणजे पाणी वाढलं पाहिजे. ते ओतले नसते तर ३२० उरले असते. मग ओतल्यावर ३०० कसे होतील?

भागाकाराची आडवी रेघ हा न लिहिलेला कंस आहे, हेही इथे तपासा. रेघेच्या वर जे काही आहे ते सगळं एका कंसात, खाली आहे ते दुसऱ्या कंसात. ४० आणि ६० ची सरासरी काढताना वहीत रेघ असते, कॅल्क्युलेटरवर ती नसते. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ४० + ६० ÷ २ असं दाबलं की ७० येतं. सरासरी दोन्ही संख्यांपेक्षा मोठी कशी असेल? (४० + ६०) ÷ २ असं कंसासकट दाबा.

आणि ६ ÷ २(१ + २) सारखी कोडी फिरतात त्यांवर वाद घालू नका. ती मुळात संदिग्ध लिहिलेली असतात. आपली राशी अशी लिहिली गेली असेल तर कंस वाढवून ती सरळ करा.

पाचवी तपासणी: एककं

राशीला एककं कळत नाहीत. तुम्ही जो आकडा द्याल तो ती गुणते.

वेळेचा घोळ सगळ्यांत जास्त. ताशी ६० किमी वेगाने १ तास ३० मिनिटं प्रवास, अंतर = वेग × वेळ. १ तास ३० मिनिटं म्हणजे १.३० तास असं लिहिलं की ७८ किमी येतात, खरं उत्तर ९०. तासाचे शंभर भाग नसतात, साठ असतात. ३० मिनिटं म्हणजे ३०/६० = ०.५ तास. मिनिटांना नेहमी ६० ने भागा. आणि '४५ मिनिटं' हा आकडा ताशी वेगाच्या राशीत तसाच घातला तर ६० × ४५ = २७०० किमी होतात. पाऊण तासात २७०० किमी कुणी जात नाही, हे आकडा लिहिल्यावर एकदा मनात म्हटलं तरी पुरे.

वर्ग असलेल्या राशीत एककाची चूकही वर्गाने वाढते. शरीराचा बॉडी मास इंडेक्स म्हणजे वजन किलोग्रॅममध्ये भागिले उंचीचा वर्ग, उंची मीटरमध्ये. वजन ६०, उंची १६० सेंटिमीटर. १.६ ठेवलं तर ६० ÷ २.५६ = सुमारे २३.४. १६० ठेवलं तर ६० ÷ २५६०० = ०.००२३. एककात चूक शंभरपटीची, उत्तरात दहा हजार पटीची. याच कारणाने एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर, १०० नव्हे.

ही तपासणी फक्त परीक्षेतल्या गुणांपुरती आहे असं वाटत असेल तर एक खरी घटना पाहा. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचं इंधन हवेतच संपलं. उड्डाणासाठी २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाक्यांत ७,६८२ लिटर आहे असं मोजून ठरलं होतं. किती लिटर भरायचं याची राशी अशी: (ग − घ × ट) ÷ घ. इथे ग म्हणजे हवं असलेलं वजन, ट म्हणजे टाकीतले लिटर, आणि घ म्हणजे एका लिटरचं वजन. राशी बरोबर होती. घ च्या जागी १.७७ ठेवलं गेलं, पण ते पौंडांतलं वजन होतं. किलोत ते ०.८०३ च्या आसपास असतं. १.७७ ने हिशेब केला तर सुमारे ४,९१७ लिटर भरायचे असं निघतं. ०.८०३ ने केला तर सुमारे २०,०८९. स्वतः दोन्ही करून पाहा, याहून चांगला सराव नाही. वैमानिकांनी बंद इंजिनांचं विमान तरंगत खाली आणलं आणि गिम्ली इथल्या एका जुन्या हवाई तळावर उतरवलं. विमानातली सगळी माणसं वाचली.

त्या गणितात बेरीज, वजाबाकी, भागाकार काहीही चुकलं नव्हतं. म्हणूनच आकडेमोड पुन्हा करून अशी चूक सापडत नाही. प्रत्येक आकड्याच्या मागे त्याचं एकक लिहा आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत सोबत न्या. किलोमधून पौंड वजा होताना दिसले की हात आपोआप थांबतो.

सहावी तपासणी: राशी शब्दांशी जुळते का

आतापर्यंतचं सगळं ठीक असेल आणि तरी उत्तर जुळत नसेल, तर आता राशीवर शंका घ्या.

एक छोटी, ओळखीची संख्या घ्या. आधी राशीकडे न पाहता, उदाहरणातली गोष्ट त्या संख्येने तोंडी सोडवा. मग तीच संख्या राशीत ठेवा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर राशी चुकली.

तपासायला ०, १ किंवा २ घेऊ नका. २ + २, २ × २ आणि २² सगळे ४ च, त्यामुळे क्ष² च्या जागी चुकून २क्ष लिहिलं असेल तर २ ठेवून काहीच कळणार नाही. १ ने गुणणं आणि भागणं सारखंच दिसतं, ० तर गुणलेलं सगळं पुसून टाकतो. मी सहसा ७ किंवा १० घेतो.

'एका संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने जास्त' आणि 'एका संख्येत ३ मिळवून येणाऱ्या बेरजेची दुप्पट' ही दोन वाक्यं कानाला जवळजवळ सारखी लागतात. ७ घेऊन तोंडी करा: पहिलीत ७ चे १४, मग १७. दुसरीत ७ चे १०, मग २०. म्हणून पहिली २क्ष + ३, दुसरी २(क्ष + ३). तसंच '५ मधून क्ष वजा' म्हणजे ५ − क्ष, आणि 'क्ष पेक्षा ५ ने कमी' म्हणजे क्ष − ५. चिन्ह उलटं येण्याचं लक्षण इथून येतं.

सगळ्यांत फसवं वाक्य म्हणजे 'विद्यार्थी शिक्षकांच्या सहापट आहेत'. चांगली चांगली मंडळीही ६व = श लिहून मोकळी होतात, कारण शब्द त्याच क्रमाने येतात आणि 'सहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक' असं चित्र डोळ्यांपुढे असतं. १० शिक्षक धरा. विद्यार्थी ६० हवेत. ६व = श मध्ये व = ६० ठेवलं तर श = ३६० होतात, विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकच जास्त! बरोबर नातं व = ६श. दुसऱ्या तपासणीतलं वाक्य, 'व म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या', लिहिलेलं असेल तर ही चूक बरीच कमी होते.

एकाने चुकणारी उत्तरं याच तपासणीत पकडली जातात. सरळ रेषेत दर ५ मीटरवर एक खांब, एकूण लांबी ल मीटर, दोन्ही टोकांना खांब. ल/५ ही मधल्या अंतरांची संख्या झाली, खांब ल/५ + १. दहा मीटरचं चित्र काढा, तीन खांब समोर दिसतील. पान १२ पासून पान २० पर्यंत वाचलं तर पानं २० − १२ = ८ नाहीत, ९ आहेत.

आणि राशी कोणत्या किमतींना लागू आहे तेही पाहा. एक छपाईयंत्र तापायला ३ मिनिटं घेतं आणि मग मिनिटाला ८ पानं छापतं. म मिनिटांत छापलेली पानं ८(म − ३). म = १० असेल तर ५६. म = २ ठेवलं तर −८ पानं. राशीने सांगितलं ते तिच्या परीने बरोबरच आहे, पण पहिल्या तीन मिनिटांसाठी ती बनलेलीच नाही. तिथे उत्तर शून्य पानं. असं ऋण उत्तर आलं की आकडेमोड तपासत बसू नका, अट तपासा.

सातवी तपासणी: विचाराची पद्धतच चुकली आहे का

ही सगळ्यांत अवघड, कारण इथे प्रत्येक ओळ बरोबर दिसते.

जाताना ताशी ४० किमी, त्याच रस्त्याने येताना ताशी ६०. सरासरी वेग ५० नाही, ४८ आहे. १२० किमीचा रस्ता धरून पाहा: जायला ३ तास, यायला २, एकूण २४० किमी ५ तासांत. हळू चालवताना वेळ जास्त गेला, म्हणून त्या वेगाचं वजन जास्त. राशी २अब/(अ + ब) अशी येते, (अ + ब)/२ अशी नाही. शतमानातही हाच सापळा आहे. एखादी संख्या २० टक्क्यांनी वाढवून मग २० टक्क्यांनी कमी केली तर ती मूळ जागी येत नाही. १.२ × ०.८ = ०.९६, म्हणजे ४ टक्क्यांनी घटते, कारण दुसऱ्या वेळचे २० टक्के वाढलेल्या संख्येचे आहेत.

मध्येच पूर्णांकन करण्याची सवयही इथेच शोधा. ९०० चा एक तृतीयांश ३००, पण १/३ च्या जागी ०.३३ ठेवलं की २९७. पूर्णांकन शेवटच्या ओळीत, त्याआधी नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

सातही तपासण्या झाल्या, वेगळ्या पद्धतीनेही सोडवून तेच उत्तर आलं, आणि पुस्तकामागचं उत्तर मात्र वेगळं आहे, तर थांबा. उत्तरसूचीत छापण्याच्या चुका असतात. पुस्तकातल्या उत्तराशी जुळवण्यासाठी बरोबर राशी मोडू नका, ती शिक्षकांना दाखवा.

सुट्या ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकीच डळमळत असेल, −७ + ३ ला कधी −४ तर कधी −१० येत असेल, तर राशींचा सराव वाढवून काही होणार नाही. पूर्णांक संख्यांचं प्रकरण शिक्षकांकडून पुन्हा करून घ्या, मग इकडे या.

मूल आकडे उतरवताना सतत चुकत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. डोळे ठीक असूनही, पुरेसा सराव होऊनही, अंक उलटेसुलटे होणं, घड्याळ वाचता न येणं, लहान-मोठी संख्या ओळखायला अडखळणं असं महिनोन् महिने दिसत असेल, तर विशेष शिक्षक किंवा बालमानसतज्ज्ञ यांच्याकडे जा. डिस्कॅल्क्युलिया ही संख्या समजण्यातली, अभ्यासात ओळखली गेलेली अडचण आहे. ती आळस किंवा मंदपणा नाही, आणि घरी रागावून ती जात नाही. निदान घरी करू नका.

मोठ्यांसाठी एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. ज्या राशीच्या उत्तरावर औषधाची मात्रा ठरणार आहे, तुळईवरचा भार किंवा विजेच्या तारेची जाडी ठरणार आहे, ती स्वतः सोडवून वापरू नका. औषधात दशांशचिन्ह एक घर सरकलं की मात्रा दहापट होते. तिथे डॉक्टर, औषधनिर्माते, अभियंते यांनाच विचारा, तुमचं उत्तर कितीही पक्कं वाटलं तरी.

शिक्षकांकडे जाताना चुकीची उत्तरं खोडून, स्वच्छ वही घेऊन जाऊ नका. कंस काढलेली ओळ, भरलेली ओळ, आणि जिथे अडलं ती ओळ, सगळं जसंच्या तसं असू द्या. कोणती तपासणी करून काय निघालं तेही समासात लिहा. खोडलेल्या वहीत शिक्षकांना फक्त बरोबर उत्तर देता येतं. न खोडलेल्या वहीत त्यांना चूक कुठे झाली ते दिसतं.